टॉवर उतरवायचा म्हणतायत

प्रिय पम्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. घरी सगळे बरे, आईचा गुडघा आहे तसाच. परवा ट्रस्टची मिटिंग झाली आणि आपल्या गावच्या कम्युनिटी रेडिओचा टॉवर उतरवायचा विषय निघाला. ट्रान्समीटर बंद, फक्त अ‍ॅप चालू ठेवायचं. खर्च वाचेल म्हणे, आणि अ‍ॅप काय, दुबईतसुद्धा ऐकू येतं.

अरे दुबईत ऐकवून करायचंय काय? शंभर वॅटचा ट्रान्समीटर आपला, दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढं जात नाही, आणि जाऊ पण नये, कारण तेवढ्यातच आपली माणसं आहेत. डाळिंबाच्या बागेत खुरपणीला गेलेल्या बायका कीपॅडच्या मोबाईलला हेडफोनची वायर लावतात, तीच अँटेना होते, मग स्पीकर चालू करून फोन फांदीला अडकवतात आणि दिवसभर ऐकतात. त्यांना कुठलं अ‍ॅप? ज्यांच्याकडं मोठा फोन आहे त्यांचा नेटपॅक पोरं दुपारपर्यंत संपवून टाकतात. रेडिओला रिचार्ज लागत नाही एवढी साधी गोष्ट मिटिंगमधे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती. आणि शिरणार कशी, एक बाई नव्हती तिथं! कम्युनिटी रेडिओच्या 2024 च्या नियमात सल्लागार समितीत निम्म्या बायका पाहिजेत असं स्पष्ट लिहिलंय, आणि इथं ज्या ऐकतात त्यांना कुणी विचारलंच नाही. मी बोललो तर म्हणाले, तुम्ही भावनिक होताय. होतोय, मग?

वरच्या आळीच्या म्हातारीचं तुला अर्धंच सांगितलं होतं. माईकसमोर बसवलं तर तिला ओवीच सुचेना. म्हणाली, जातं नाही तर गाणं येणार कुठनं? मग पोरांनी खरंच जातं उचलून आणलं स्टुडिओत, खाली गोधडी अंथरली, दोन मुठी ज्वारी टाकली, आणि खुंटा हातात आला तशी जी सुरू झाली ती ज्वारी संपली तरी थांबेना. रेकॉर्डिंगमधे ओवीपेक्षा जात्याची घरघरच मोठी, पोरगं ती काढून टाकायला निघालं होतं, मी काढू दिली नाही. ते लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची नणंद पलीकडच्या गावातनं एसटीनं भेटायला आली. बोलणं बंद होतं रे दोघींचं, शेताच्या वाटणीवरनं. आता हे अ‍ॅपवर झालं असतं का तूच सांग.

तुला हे कळेल, कारण सांगली आकाशवाणीला ‘आपली आवड’ला गाण्यांच्या फर्माईशीची पोस्टकार्डं आपण दोघांनी मिळून टाकलीत. तू कायम तुझं नाव आधी घालायचास, आणि निवेदन करणारी बाई पहिली दोन-तीन नावं वाचून ‘आणि त्यांचा मित्रपरिवार’ म्हणून मोकळी व्हायची. त्या मित्रपरिवारात मी असायचो! अजून माफ केलेलं नाहीये. आता इथं शाळेतल्या प्रत्येक पोराचं नाव आडनावासकट वाचलं जातं, माझा नियमच आहे तो.

पैशाचा प्रश्न खरा आहे, नाही म्हणत नाही. तासाला 12 मिनिटं जाहिराती चालतात, आधी 7 च होती, पण जाहिरात देणार कोण? किराणावाला म्हणतो, मला सगळं गाव ओळखतं. स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावायच्या. पण नळाला पाणी कधी, लाईट कधी जाणार, पाऊस, परीक्षेचे फॉर्म, हे सांगता येतं, आणि तेच ऐकायला लोक थांबतात. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनवाल्यांचं असंच रेडिओ स्टेशन 2008 पासून आहे, तोही दुष्काळी भागच. त्याच वर्षी तिकडं तेलंगणात जहीराबादजवळ माचनूरला दलित बायकांनी संघम रेडिओ काढला, रेकॉर्डिंगपासून निवेदनापर्यंत सगळं त्यांनीच. मग आपल्याला का नाही जमणार? महिन्याला लाईटबिल आणि दोन पोरींचा पगार एवढं गावातनं उभं राहू शकतं, नीट मागितलं तर.

आता तुझं काम. 1995 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, रेडिओच्या लहरी ही जनतेची मालमत्ता, हे वडापच्या जीपमधे मला तूच घसा फोडून समजावलं होतंस, शेजारचा माणूस पुढच्या स्टॉपला उतरून गेला होता बघ. परवानगी ट्रस्टच्या नावावर आहे आणि ती दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही एवढं मला माहितीय. पण एकदा सोडली तर परत मिळवायला काय काय करावं लागेल ते मराठीत, साध्या भाषेत, एका पानात लिहून दे. वकिली भाषा नको, नाहीतर त्यांच्यासारखे मीपण झोपीन.

चिंगीला दहावीसाठी शुभेच्छा सांग, फ्लॅटचा ताबा मिळाला का, वहिनींचा बीपी कसा आहे? पुढची मिटिंग अमावस्येनंतरच्या रविवारी आहे. पत्र लिहून हात वर करू नकोस, स्वतः ये, आणि येताना म्हातारीला गाडीत घेऊन सरळ मिटिंगला आण. मी तिला सांगून ठेवलंय.

तुझा,
बंड्या