संत्र्याचा डोळा भरायला शिकताना

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, पन्हेरीतून कलमं विकत आणण्यापेक्षा औंदा डोळे आपणच भरायचे, म्हणजे संत्र्याच्या काडीवरचा कोंबाचा डोळा सालीसकट काढून लिंबाच्या जातीच्या जंबेरीच्या रोपाच्या सालीत बसवायचा, असं तुम्ही ठरवलंय म्हणून आईनं सांगितलं. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून पाठवते. आई, तूच मोठ्यानं वाचून दाखव. त्यांचा चष्मा जागेवर नसेलच.

शेंदूरजनाघाटकडचे कलमवाले इतक्या झपाट्यानं डोळे भरतात की बाजूला उभं राहूनही हात कसा फिरला ते समजत नाही. आणि आपलं आपण शिकताना खरी अडचण वेगळीच असते. डोळा लागला की नाही हे कळायला तीन आठवडे जातात. तोवर त्याच चुकीनं अख्खी ओळ भरून झालेली असते. त्यामुळे आधी असा सराव करा की चूक त्याच दिवशी दिसेल.

लिंबाच्या किंवा जंबेरीच्या ताज्या फांद्या तोडून पाण्यात उभ्या ठेवा आणि ओट्यावर बसा. पहिले काही दिवस फक्त डोळा काढायचा, बांधायचं काही नाही. डोळ्याच्या खालून चाकू घालून एका ओढीत वर न्यायचा, ढालीसारखा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा निघाला पाहिजे. तो कापलेल्या बाजूनं आरशावर ठेवा आणि आडवं होऊन बाजूनं बघा. तुकडा आरशाला सपाट चिकटला तर काम झालं. मधे उजेडाची फट दिसली तर चाकू वाटेत थांबला होता किंवा त्याला धार नव्हती. हीच फट खुंटावर, म्हणजे डोळा बसवायच्या जंबेरीच्या रोपावर, राहिली की आत हवा राहते आणि डोळा वाळतो. आरसा खोटं बोलत नाही, व्हिडिओ मात्र फक्त लागलेलेच डोळे दाखवतो.

व्हिडिओ पाहायचाच तर एकदा आवाजासकट पाहा, मग आवाज बंद करून अर्ध्या गतीनं. तीन ठिकाणी थांबवा: चाकू किती तिरपा आहे, अंगठा कुठे टेकलाय, आणि डोळा सालीत कुठल्या बाजूनं सरकवला. आंब्याच्या कोय कलमाचे व्हिडिओ इथे कामाचे नाहीत, ती रीतच निराळी.

सपाट तुकडे सलग निघायला लागले की खऱ्या खुंटाकडे वळा. आपल्याकडे दिवाळीनंतर संक्रांतीच्या आसपासपर्यंत हा हंगाम धरतात, पण तारखेपेक्षा साल काय सांगते ते महत्त्वाचं. पेन्सिलीएवढं जाड रोप निवडा आणि दोन-तीन दिवस आधी पाणी द्या. जमिनीपासून वीतभर उंचीवर इंग्रजी टी अक्षरासारखा काप घ्या, उभा तीन सेंटिमीटर, आडवा दीड. चाकूच्या मागच्या टोकानं साल उचलली की ती अलगद सुटून आतलं ओलं, चकचकीत लाकूड दिसलं पाहिजे. साल तुटत-फाटत निघाली तर त्या दिवशी तो खुंट सोडून द्या, जबरदस्ती करू नका. उंचीत कंजुषी नको: डोळा मातीजवळ भरला तर ओल्या मातीतली बुरशी संत्र्याच्या सालीपर्यंत सहज पोचते आणि डिंक्याची, म्हणजे खोडातून डिंक गळायच्या रोगाची, सुरुवात तिथूनच होते.

डोळकाडी, म्हणजे जिच्यावरून डोळे काढायचे ती संत्र्याची काडी, मात्र दिसेल त्या झाडाची घेऊ नका. दरवर्षी चांगलं फळ देणारं, डिंक्या नसलेलं, पानं पिवळी न पडलेलं झाड हवं. रोग काडीबरोबर येतो, मग सगळी बाग बिघडते. काडी गोल हवी. कोवळी फूट कोनदार असते, ती नको. पानं काढा पण देठ ठेवा, काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी वापरा. झाड बदललं की चाकू स्पिरिटनं पुसा.

तुकड्याच्या कापलेल्या बाजूला बोट लागू देऊ नका. वरून सरकवून टी-मधे बसवा, डोळ्याचं टोक वर. मग सेंटिमीटरभर रुंद प्लास्टिकच्या पट्टीनं खालून वर घट्ट गुंडाळा, डोळा तेवढा उघडा. बांधणं आईकडे द्या, तिचे हात तुमच्यापेक्षा हलके आहेत (रागावू नका). काप घेतल्यापासून पट्टी बांधेपर्यंत जितका कमी वेळ तितकं बरं, म्हणून दोघांनी मिळून केलेलं चांगलं.

आता शिकण्याचा खरा भाग. दहा-दहाचे गट करा आणि एका गटात एकच गोष्ट बदला: एकदा चाकू, एकदा झाड, एकदा पट्टीचा ताण. रंगीत दोरा बांधून वहीत लिहा. सगळंच एकदम बदललं तर कशानं जमलं ते कधीच कळणार नाही. तीन आठवड्यांनी देठाला बोट लावा. अलगद गळला आणि डोळा हिरवा असेल तर लागला. देठ वाळून चिकटलेला असेल तर गेला.

मेलेला डोळा फेकू नका, पट्टी सोडून उघडून बघा. सुकून करडा पडलेला असला तर पट्टी सैल होती किंवा काडी शिळी होती. काळा, ओलसर असला तर आत पाणी गेलं; पुढच्या गटात काप उलटा घ्या, आडवी रेघ खाली, आणि डोळा खालून वर सरकवा. कडा चिकटल्या पण मध्य सुटा राहिला असेल तर आरशाकडे परत जा. एवढं तपासूनही कारण सापडलं नाही, तर किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर मराठीत विचारा, किंवा पुढच्या वेळी नागपूरला आलात की केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत तो डोळा सोबत न्या. "डोळे लागत नाहीत" म्हटलं तर कुणी काही सांगू शकत नाही. वही आणि वाळलेला डोळा पुढे ठेवला तर लगेच बोलणं होतं.

लागलेल्या रोपांचा शेंडा एकदम छाटू नका. आधी डोळ्याच्या वर वीतभर अंतर ठेवून कापा, संत्र्याची फूट बोटभर झाली की मग जवळ आणा. खुंटाला खालून फुटवे येतील, ते दर आठवड्याला खुडा. शंका आली तर पान चोळून वास घ्या, जंबेरीला लिंबाचा वास येतो.

चाकूच्या धारेसाठी बारीक दगड पार्सलनं पाठवते आहे. तेल नको, पाणी लावून एकाच बाजूनं घासा.

तुमची,
लेक