तुझा गेम बॉय टीव्हीवर आला

नागपूर, मे महिना, भर दुपार

प्रिय बंड्या,

तुझा गेम बॉय, तो हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, जिवंत आहे. पडदा मात्र गेला. पुण्याला जाताना तू तो माझ्याकडे टाकून गेलास तेव्हाच त्यावर उभ्या रेषा पडल्या होत्या. पडद्याच्या खालच्या पट्टीवरून गरम सोल्डरिंग आयर्न फिरवली की त्या जातात, म्हणून मी फिरवली. चार गेल्या, नऊ नव्या आल्या. मग म्हटलं, पडद्याचा नादच सोडू, चित्र सरळ टीव्हीवर नेऊ.

तू म्हणशील, काचेसमोर कॅमेरा धरलास का बे? गरजच नाही. 1989 चं यंत्र असलं तरी आतलं चित्र आकड्यांतच असतं. मागच्या बोर्डाकडून पुढच्या पडद्याकडे 21 तारांची रिबन जाते. चित्रासाठी त्यातल्या पाचच लागतात : एक घड्याळाची (म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा ठोका देणारी), एक ओळीची, एक फ्रेमची आणि दोन डेटाच्या. दोन तारांत चार छटा, तोच आपला शेवाळी हिरवा. त्या पाच तारांवर जे चाललंय ते टिपून घ्यायचं आणि एचडीएमआयच्या केबलमधून पुढे सोडायचं, बस्स.

टिपायला रास्पबेरी पाय पिको घेतला. एरवी 125 मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालणारा तो चिमुकला बोर्ड 252 वर पळवला की 640 गुणिले 480 चं डिजिटल चित्र स्वतःच काढतो. एका ठिपक्याच्या प्रत्येक रंगासाठी दहा बिट जातात आणि सेकंदाला 2.52 कोटी ठिपके लागतात, म्हणून 252. बाहेरून लागले ते 270 ओहमचे आठ रेझिस्टर आणि एक सॉकेट. बर्डीच्या बाजारात दोन चकरांत सगळं मिळालं.

पहिला पिको मीच मारला. गेम बॉयचे सिग्नल पाच व्होल्टचे, पिकोला झेपतात 3.3. मला हे माहीत होतं, तरी ‘एकदा चालतंय का ते पाहू’ म्हणून सरळ जोडलं. दोन दिवस मस्त चाललं, मग एक पिन कायमची बसली. आता मधे 74एलव्हीसी245 ही चिप टाकलीय, ती पाच व्होल्ट घेते आणि 3.3 देते. हे आधीच केलं असतं तर एका पिकोचे पैसे वाचले असते. हसू नको.

खरा छळ सोल्डरिंगचा. केसासारख्या तारा, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि कूलर चालू ठेवला तर हवेने आयर्नचं टोक थंड पडून राहिलं. मग कूलर बंद, दार बंद, कपाळाला रुमाल बांधून पाच टाके. चौथ्या टाक्यावर घामाचा थेंब नेमका बोर्डावर पडला. आई दोनदा डोकावून गेली, काही बोलली नाही, पन्हं ठेवून गेली.

चित्र आलं ते निगेटिव्हसारखं उलटं! गेम बॉयमध्ये शून्य म्हणजे सगळ्यात फिकट, टीव्हीवर शून्य म्हणजे काळा. कोडमध्ये एक ओळ बदलली. प्रत्येक ठिपका बरोबर तीनपट करून 480 गुणिले 432 चं चित्र मधोमध बसवलंय, कडेला काळी पट्टी. मुद्दाम ताणून पडदा भरणाऱ्यांचं मला पटत नाही. ठिपके कुठे जाड, कुठे बारीक होतात आणि अक्षरं दात पडल्यासारखी दिसतात. चौकोन कसे विटांसारखे ठणठणीत दिसले पाहिजेत.

एक खोट राहिलीय. खेळ सेकंदाला 59.73 फ्रेम देतो, टीव्ही 60 मागतो. त्यामुळे साधारण पावणेचार सेकंदांनी एक फ्रेम दुप्पट होते. टेट्रिसमध्ये कळतही नाही, पण जमीन सरकत जाणाऱ्या खेळात बारीकसा हिसका बसतो. ते नंतर पाहू. आवाज या मार्गाने जात नाही, तो हेडफोनच्या भोकातून स्पीकरला दिलाय.

डबीला ड्रिल लावलं नाही, घाबरू नको. दोन गेम बॉय जोडायला जे लिंकचं भोक असतं, त्यातून केबल बाहेर काढली, तिथलं सॉकेट उतरवून काडेपेटीत ठेवलंय. पाहिजे तेव्हा परत बसवू.

आणि हो, टेट्रिसमधला तुझा तो दीड लाखाच्या स्कोअरचा दावा. यंत्र बंद केलं की स्कोअर पुसले जातात, हे मला आता कळलं. म्हणजे साक्षीदार कोणी नाही. दिवाळीला ये, तर्री पोहे खाऊ, आणि मग सगळ्यांसमोर 43 इंचावर करून दाखव.

तुझा,
मन्या