रक्कम नंतर, आधी रीडिंग बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीज दरवाढीची बातमी आली की आपल्या वाचकपत्रांच्या सदरात पुढचा पंधरवडा संतापाला भरती येते. संताप रास्तच असतो. पण त्या पत्रांमध्ये रुपये असतात, युनिट मात्र क्वचितच सापडतात. ‘मागच्या महिन्यात चौदाशे आले होते, या महिन्यात बावीसशे’ एवढ्यावरून कोणाचे काय चुकले, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दर वाढला, वापर वाढला, रीडिंग उशिरा घेतले, की मागची बाकी चढली? चारही कारणे वेगळी आणि चौघांवरचा उपायही वेगळा. मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, त्यामुळे शेजारपाजारची बिले माझ्याकडे येत राहतात. बहुतेक जण बोट ठेवतात ते खालच्या जाड अक्षरांतल्या रकमेवर. भाजीवाल्याच्या काट्यावरून नजर न हलवणारे आपण, विजेच्या आणि गॅसच्या मापाकडे ढुंकूनही पाहत नाही.

महावितरणच्या बिलावर चालू रीडिंग आणि मागील रीडिंग शेजारी शेजारी छापलेले असते. चालूतून मागील वजा केले की युनिट. हे चालू रीडिंग आणि जिन्याखालच्या मीटरवरचा आकडा जुळतो का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. बिल आल्यावर मीटरचा आकडा थोडा पुढे गेलेला असणारच. तो बिलातल्या आकड्याच्या मागे असेल तर मात्र न वापरलेल्या विजेचे बिल तुमच्या हातात आहे. त्याच ठिकाणी मीटरची स्थितीही लिहिलेली असते. घर बंद होते, मीटरपर्यंत पोचता आले नाही, मीटर नादुरुस्त आहे, असे काही तिथे दिसले तर ते बिल सरासरीने काढलेले आहे. सरासरी बिल कमी आले म्हणून लोक खूश होतात, इथेच घोटाळा सुरू होतो. ती उरलेली युनिटे कुठे जात नाहीत, प्रत्यक्ष रीडिंग झाले की एकदम येतात.

२०२० चा जून आठवा. टाळेबंदीमुळे मार्चच्या शेवटी घरोघरचे रीडिंग थांबले. एप्रिल-मेची बिले आधीच्या थंडीतल्या महिन्यांच्या सरासरीने गेली. प्रत्यक्षात उन्हाळा होता, सगळे कुटुंब चोवीस तास घरात होते, पंखे आणि एसी चालू होते, त्यात १ एप्रिलपासून दरही बदलले होते. जूनमध्ये रीडिंग झाले आणि साचलेला फरक एकाच कागदावर आला. राज्यभर बिलांच्या होळ्या झाल्या. त्या वेळी ज्यांच्याकडे स्वतः टिपलेली दर महिन्याची रीडिंग होती, त्यांना आपले बिल बरोबर की चूक हे घरबसल्या कळले. बाकीच्यांना कार्यालयाबाहेर रांगा लावाव्या लागल्या.

साचलेल्या बिलात तपासायची गोष्ट म्हणजे स्लॅब. आपल्याकडे घरगुती विजेचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे आणखी वरचा. एक गैरसमज फार पक्का बसला आहे की ३०१वे युनिट पडले की सगळेच बिल महाग होते. तसे नसते. ३१० युनिट जाळली तर पहिली १०० पहिल्या दराने, पुढची २०० दुसऱ्या दराने आणि फक्त शेवटची १० तिसऱ्या दराने. पण समजा दोन महिन्यांची ३६० युनिट एकदम आली. मग टप्पेही दुप्पट धरायला हवेत, म्हणजे २०० युनिट पहिल्या दराने आणि १६० दुसऱ्या. ती एकाच महिन्याची धरली तर १००, २०० आणि ६० अशी विभागणी होऊन तुम्ही विनाकारण तिसऱ्या टप्प्यात जाता. पेन्सिलीने समासात करता येण्याजोगे हे गणित आहे. करून पाहा आणि जुळले नाही तर लेखी अर्ज द्या.

याच संदर्भात, संपादक महोदय, एक तक्रार आपल्याविषयीही आहे. दरवाढीच्या बातमीत ‘सरासरी इतके टक्के’ असा मथळा येतो. ही सरासरी घरगुती, व्यापारी, औद्योगिक, शेती असे सगळे ग्राहक मिळून काढलेली असते. सत्तर युनिट वापरणाऱ्या एकट्या आजींना आणि चारशे युनिटच्या एसीवाल्या घराला तिचा काहीच उपयोग नाही. त्याऐवजी ९०, २५० आणि ४०० युनिटची तीन नमुना बिले, आधीच्या आणि नव्या दराने, शेजारी शेजारी छापा. त्यात स्थिर आकार (वापर कितीही असो, लागतोच तो), वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातल्या चढउताराचा) आणि या सगळ्यांवर चढणारे १६ टक्के वीज शुल्क वेगवेगळे दाखवा. वीज आकार, म्हणजे युनिटमागचा मूळ दर, कमी झाला आणि वहन आकार वाढला, तर खिशाला त्याचा अर्थ काय, हे त्याशिवाय कोणाला कळणार?

‘मीटर फास्ट आहे’ हा दुसरा आवडता निष्कर्ष. असेलही, पण घरी एक चाचणी करता येते. घरातले सगळे एमसीबी (मुख्य फळीवरचे खटके) खाली पाडा. मीटरवरचा बारीक लाल दिवा तरीही लुकलुकत असेल तर कुठे तरी गळती आहे किंवा तुमच्या मीटरच्या पुढून दुसऱ्या कोणाची वायर गेली आहे. आता फक्त एक उपकरण चालू करा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक हे छापलेले असते. ३२०० असेल तर १००० वॅटचे उपकरण चालू असताना तो दिवा मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. सत्तर-ऐंशी भरली तर मीटर तपासणीचा अर्ज करायला भक्कम आधार मिळाला. शुल्क भरून तपासणी करून घेता येते आणि मीटर सदोष निघाला तर अहवालानुसार बिलाची दुरुस्तीही होते, पण जास्तीत जास्त आधीच्या तीन महिन्यांपर्यंतच. म्हणजे शंका आल्यावर वर्षभर नुसते कुरकुरत बसण्यात नुकसान आपलेच.

बहुतेक वेळा मात्र मीटर बिचारा बरोबर असतो. ७५ वॅटचा जुना पंखा रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट खातो, नवा ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा अकराच्या आत भागवतो. घरात चार पंखे असतील तर फरक कुठल्या कुठे जातो. २००० वॅटचा गीझर रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला ३० युनिट. मोबाइलचा चार्जर बटणावरून बंद करा म्हणून मुलांना ओरडणाऱ्या घरात गीझर मात्र सकाळी सहापासून नऊपर्यंत चालूच असतो, हे मी पाहिलेले आहे.

आता वाद झालाच तर. वीज कायदा २००३ चे कलम ५६ प्रत्येक घरात माहीत असायला हवे. बिल थकले तरी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. ‘मागील बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज बंद होईल, या क्रमांकावर फोन करा’ अशा संदेशांनी कितीतरी ज्येष्ठ नागरिकांची खाती रिकामी झाली. हे कलम ठाऊक असलेला माणूस तो संदेश पाहून नुसता हसेल. त्याच कलमात पुढे आणखी एक सोय आहे. बिलाची रक्कम मान्य नसेल तर ती रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, दोन्हींपैकी जी कमी असेल ती, निषेध नोंदवून भरायची. मग वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. आधी कंपनीचा तक्रार कक्ष, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, तिथेही समाधान झाले नाही तर मुंबई किंवा नागपूरचे विद्युत लोकपाल, अशी ही वाट आहे. वकील लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जावे लागते आणि वीजचोरीची प्रकरणे तिथे चालत नाहीत. तिथे तुमच्या चिडचिडीला किंमत नसते, तारखेसह काढलेल्या मीटरच्या फोटोला असते. महावितरणच्या ॲपवरून ठरावीक दिवसांत स्वतः रीडिंग पाठवण्याची सोय आहे, ती वापरली तर सरासरी बिलाची वेळच येत नाही.

सुरक्षा ठेवीच्या वेगळ्या बिलाने दर उन्हाळ्यात गोंधळ उडतो. ही फसवणूक नव्हे आणि दंडही नव्हे. मासिक बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव सरासरी बिलाच्या दुप्पट असावी, असा राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांपासूनचा नियम आहे. तुमचा वापर वाढला की फरक मागतात. या ठेवीवर व्याजही मिळते आणि ते बिलातूनच वळते होते. ते वळते झाले का, एवढे पाहावे.

गॅसचे गणित सोपे, म्हणून आपण त्यात अधिक बेफिकीर. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते. त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचे वजन. गाडीवाल्याकडे काटा असलाच पाहिजे आणि मागितल्यावर वजन करून देणे हे त्याचे काम आहे. पावतीवरच्या किमतीत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो, वर वीस-तीस रुपये देण्याची सक्ती नाही. (स्वखुशीने चौथ्या मजल्यावर चहा पाजावा, तो भाग वेगळा.) सिलिंडरच्या वरच्याच एका पट्टीच्या आतल्या बाजूला ‘बी-२८’ असे काही रंगवलेले असते. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या, पुढचा आकडा वर्षाचा. ती तिमाही संपेपर्यंत टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. ती तारीख उलटलेली टाकी दारातूनच परत पाठवावी. नारिंगी सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते. नळीवर वर्ष छापलेले असते, शेगडी पुढे ओढून एकदा पाहा.

पाइपच्या गॅसचे मीटर वाचताना काळे आकडे घ्यायचे, लाल सोडायचे, कारण लाल हे दशांश चिन्हापुढचे. स्वतः रीडिंग कळवताना लालही जोडून लिहिले तर बिल भलतेच येते. सिलिंडरशी तुलना करायची तर एक टाकी म्हणजे सुमारे १७-१८ घनमीटर पाइपचा गॅस. पुण्यामुंबईच्या नव्या फ्लॅटांमध्ये मला खरी भीती वाटते ती सुताराची. मॉड्युलर किचन सुंदर दिसावे म्हणून गॅसची पाइप आणि बंद करायची चावी कपाटाच्या फळीमागे गाडून टाकतात. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. सिलिंडरचा जड, तो जमिनीलगत साचतो. दोन्हींना वारा लागतो, बंद कपाट नाही. वास आला तर दिव्याचे बटण चालू-बंद काहीच करू नये, चावी फिरवून खिडक्या उघडाव्यात. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. पाइपच्या गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो, तो फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

शेवटी नावाचा प्रश्न. किती घरांत वीज आजोबांच्या नावावर आणि गॅस आधीच्या भाड्याच्या पत्त्यावर आहे! सिलिंडरच्या अपघातासाठी तेल कंपन्यांचा सार्वजनिक दायित्व विमा असतो, ग्राहकाला त्याचा हप्ता पडत नाही. मृत्यू झाल्यास माणशी सहा लाख, उपचारांना माणशी दोन लाखांपर्यंत आणि मालमत्तेच्या नुकसानीला दोन लाखांपर्यंत. पण मालमत्तेची भरपाई जोडणीच्या नोंदलेल्या पत्त्यावरच मिळते. घर बदलून पाच वर्षे झाली आणि पत्ता जुनाच असेल, तर त्या दोन लाखांचा दावा टिकत नाही. वितरकाकडे पत्ता बदलायला अर्ज आणि नव्या पत्त्याचा पुरावा लागतो. वारसाच्या नावावर जोडणी करायला मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडावी लागते. आमच्या सोसायटीत या कामासाठी लागणारे अर्ज आम्ही सूचना फलकाखाली ठेवले आहेत.

आपली,
एक वाचक
धायरी, पुणे