गाठ काढली तरी डोळे आणि किडनी तपासून घ्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ब्रेन ट्यूमर म्हटलं की सगळीकडे कॅन्सरबद्दलच छापून येतं, पण हिमँजिओब्लास्टोमा नावाची रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ असते, कॅन्सर नसतो, बहुतेक वेळा छोट्या मेंदूत (डोक्याच्या मागचा, तोल सांभाळणारा भाग) होते आणि तशी दुर्मिळच, त्याबद्दल लिहायचंय.

आमच्या भावजींना, म्हणजे माझ्या दिरांना, ही गाठ निघाली. सकाळी उठलं की डोकं दुखायचं, उलटी व्हायची, चालताना तोल जायचा. आधी अ‍ॅसिडिटी आहे म्हणून, मग मायग्रेन म्हणून, मग कानामुळे चक्कर येते म्हणून गोळ्या. रिपोर्टात हिमोग्लोबिन जास्त आलं तर घरातले सगळे म्हणाले रक्त छान आहे! ही गाठ कधीकधी एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन सोडते आणि त्याने लाल पेशी वाढतात हे फार उशिरा कळलं. शेवटी कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन एमआरआय केला त्यात पाण्याची पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेली छोटी चमकणारी गाठ दिसली. नुसतं पाणी काढून भागत नाही, ते परत भरतं, ती छोटी गाठच पूर्ण काढावी लागते. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. ही गाठ झालेल्या साधारण चारातल्या एकाला व्हीएचएल (व्हॉन हिपेल-लिंडाऊ) नावाचा आनुवंशिक आजार असतो, त्याचा जीन 1993 साली सापडला, आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता 50 टक्के. त्यात डोळ्याच्या पडद्यावर, किडनीत, किडनीच्या वर असणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठी होऊ शकतात, किडनीतली तर कॅन्सरची असू शकते. अ‍ॅड्रिनलची गाठ असेल तर भूल देताना बीपी एकदम भडकू शकतं, म्हणजे हे ऑपरेशनच्या आधीच बघायला हवं ना? आमच्या डिस्चार्ज कार्डवर टाके कधी काढायचे एवढंच होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं म्हणून नणंदेचे डोळे तपासले तर पडद्यावर बारीक गाठ निघाली, दिसायला काहीच त्रास नव्हता तिला, वेळेत लेसर झालं म्हणून नजर वाचली. सासूबाईंचा एक डोळा तरुणपणीच गेला होता, त्याचं कारण कुणी कधी शोधलंच नाही.

ज्यांच्या घरी बायोप्सीच्या रिपोर्टवर हे नाव आहे त्यांनी, घरात आधी कुणाला काही नसलं तरीही, डोळ्याचा पडदा, पोटाचा स्कॅन आणि जीन टेस्टबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. आणि न्यूरोसर्जन मंडळींना हात जोडून विनंती, डिस्चार्ज कार्डवर या तपासण्यांची एक ओळ लिहून द्या.

आपली,
एक वाचक, सातारा