स्वालबार्डचे तिकीट काढण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचे बेत ठरू लागले की मुंबईत सहलींच्या जाहिरातींना ऊत येतो. हल्ली त्यांत काश्मीर-केरळच्या जोडीला उत्तर ध्रुवाजवळचे स्वालबार्डही दिसू लागले आहे. 'व्हिसाशिवाय आर्क्टिक' अशी ओळ मोबाइलवर फिरत असते. ही ओळ अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागापायी कुणाचे आयुष्यभर जपलेले स्वप्न विमानतळाच्या काउंटरवर मोडू नये, म्हणून हे पत्र.

खरे काय ते आधी सांगतो. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या करारानुसार या द्वीपसमूहावर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य झाले, पण सह्या करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तिथे जाण्या-राहण्याची समान मुभा मिळाली. ब्रिटिश साम्राज्याच्या सहीबरोबर भारतही त्यात मूळचाच सामील आहे. त्यामुळे स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा नाही. आता प्रश्न पोचण्याचा. लाँगइयरब्येन या मुख्य गावी जाणारी नियमित प्रवासी विमाने ओस्लो आणि ट्रॉम्सोहून सुटतात. ही दोन्ही शहरे नॉर्वेच्या मुख्य भूमीवर, म्हणजे शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात). स्वालबार्ड मात्र शेंगेनच्या बाहेर. म्हणजे ओस्लोला उतरलात की एक प्रवेश खर्ची पडला. लाँगइयरब्येनच्या विमानात बसताना पासपोर्ट तपासून तुम्हाला शेंगेनमधून बाहेर काढले जाते, आणि परतताना लागतो दुसरा प्रवेश. हातात एकेरी प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीचा हक्क उरत नाही. विमान देशांतर्गत वाटते, एकाच देशात फिरतोय असे वाटते, आणि चूक नेमकी इथेच होते.

म्हणून अर्ज भरताना प्रवेशांच्या रकान्यात 'दोन' किंवा 'मल्टिपल'वर खूण करा. सोबतच्या पत्रात तारखांसह लिहा: मुंबई-ओस्लो, ओस्लो-लाँगइयरब्येन, लाँगइयरब्येन-ओस्लो, ओस्लो-मुंबई. वाटेत फ्रँकफर्ट किंवा ॲमस्टरडॅमला विमान बदलणार असाल तर पहिला प्रवेश तिथे होतो, पण एकूण दोनच भरतात. शेंगेनमध्ये शिरल्यावर मध्येच लंडनला जाऊन परत आलात तर तिसरा लागेल. व्हिसा हातात आला की आनंदाने पाकीट बंद करू नका. स्टिकरवर 'नंबर ऑफ एन्ट्रीज' असा छोटासा रकाना असतो. त्यात ०१, ०२ किंवा 'मल्ट' छापलेले असते. ०१ दिसले तर मुंबईतूनच दुरुस्तीच्या मागे लागा. त्याच स्टिकरवर व्हिसाची शेवटची तारीख पाहा. स्वालबार्डमधले दिवस शेंगेनमध्ये राहायला मिळणाऱ्या नव्वद दिवसांत धरले जात नाहीत, पण ती तारीख तुमच्यासाठी थांबत नाही. वादळाने विमान दोन दिवस अडकले आणि व्हिसा परतीच्या दिवशीच संपत असला, तर पंचाईत होते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुंबईत मार्च ते मे या काळात भेटीच्या वेळा मिळणे कठीण होते, तेव्हा ही सहा महिन्यांची सवलत पुरती वापरा.

व्हिसाच्याही आधी ठरवायचा तो महिना. मुंबईकराच्या सुट्ट्या दोन, दिवाळीची आणि मेची, आणि या जागेसाठी दोन्ही अडचणीच्या. लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे. तिथे साधारण २० एप्रिलपासून २२ ऑगस्टच्या आसपास सूर्य मावळतच नाही. आकाश काळे होतच नाही म्हटल्यावर मेच्या सुट्टीत 'नॉर्दर्न लाइट्स', म्हणजे रात्रीच्या आकाशात झळकणारा रंगीत ध्रुवीय प्रकाश, दिसणे अशक्य. कुणी मेच्या पॅकेजमध्ये ते दाखवत असेल तर सरळ पाठ फिरवा. त्यातून मेच्या मध्यानंतर बर्फ मऊ पडत जातो, स्नोमोबाइलचा हंगाम आटोपतो, आणि बोटींचा हंगाम जेमतेम सुरू होत असतो. दिवाळीत याच्या उलट. २६ ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य दिसेनासा होतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तेव्हा बोटी जवळपास थांबलेल्या असतात आणि स्नोमोबाइलला पुरेसा बर्फ बहुधा साचलेला नसतो.

मग जावे केव्हा? बर्फावरची सफर हवी असेल तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. माझ्या मते मार्च सगळ्यांत सुंदर: निळसर प्रकाश, लांब सावल्या, आणि रात्री अजून रात्रीसारख्या. क्षितिजावर सूर्य फेब्रुवारीतच येतो, पण डोंगर आड असल्यामुळे गावात त्याचा किरण ८ मार्चच्या सुमारास पोचतो. त्या दिवशी गाव जुन्या दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी जमते. इमारत कधीच गेली, पायऱ्या तेवढ्या ठेवल्या आहेत. चेहऱ्यावर पिवळे सूर्य रंगवलेली मुले त्या लाकडी पायऱ्यांवर ऊन पडण्याची वाट पाहतात. आपल्याकडे ऊन टाळण्यात जन्म जातो, म्हणून हा सोहळा मुंबईकराने जरूर पाहावा. हिमनद्या, वॉलरस आणि पक्ष्यांची वस्ती असलेले उंच कडे बोटीतून पाहायचे असतील तर जून ते सप्टेंबरची सुरुवात. गणपतीच्या आसपास रजा मिळत असेल तर ऑगस्टअखेरीस टुंड्रा, म्हणजे तिथला झाडांविना खुरट्या वनस्पतींचा प्रदेश, तांबूस-पिवळा झालेला असतो.

नॉर्दर्न लाइट्सबाबत आणखी एक गैरसमज. जितके उत्तरेला जाल तितके ते जास्त दिसतील, असे नाही. त्यांचा पट्टा चुंबकीय ध्रुवाभोवती कड्यासारखा असतो. ६९ अंशांवरचे ट्रॉम्सो रात्री बहुधा त्याच्या खाली येते, तर स्वालबार्ड त्याच्या पलीकडे, उत्तरेला पडते. स्वालबार्डची खासियत अशी की डिसेंबर-जानेवारीत भर दुपारीही अंधार असल्याने पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूला उमटणारे नॉर्दर्न लाइट्सही तिथे दिसू शकतात. ज्यांचे स्वप्न फक्त हिरव्या पडद्याचे आहे, त्यांनी ट्रॉम्सोला चार-पाच रात्री काढाव्यात. पैसेही वाचतील.

तिकिटात होणारी चूक म्हणजे मुंबई-ओस्लो एका पीएनआरवर आणि ओस्लो-लाँगइयरब्येन दुसऱ्या, स्वस्तातल्या पीएनआरवर. पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी तुमची वाट पाहत नाही, पैसेही परत देत नाही. सगळे एका तिकिटावर घ्या, ते जमत नसेल तर जाताना-येताना ओस्लोला एकेक रात्र ठेवा. लाँगइयरब्येनला धुके किंवा वारा असला की विमान उतरत नाही, हे तिथे नवलाचे नाही. म्हणून कार्यक्रमात किमान दोन दिवस कोरे ठेवा, आणि ज्या सफरीसाठी एवढ्या लांब आलात ती पहिल्याच दिवशी नोंदवा. हवामानाने ती रद्द झाली तर पुढे दिवस हाताशी राहतात. शेवटच्या दिवशी ठेवलेली सफर बुडाली की बुडालीच. सामानाची मर्यादा प्रत्येक टप्प्याची वेगळी तपासा. पर्यावरण संरक्षणासाठीचे १५० नॉर्वेजियन क्रोन विमान तिकिटातच धरलेले असतात, ते वेगळे मागणाऱ्याला खुलासा विचारा.

विम्यात लोक सर्वांत निष्काळजी असतात. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा, तेवढा काढून मोकळे होतात. पॉलिसीवर क्षेत्र म्हणून 'शेंगेन' एवढेच लिहिले असेल तर शेंगेनबाहेरचे स्वालबार्ड त्यात येते का, हे कंपनीकडून लेखी घ्या. स्नोमोबाइल बऱ्याच पॉलिसींत 'साहसी खेळ' म्हणून वगळलेली असते. ती, आणि शोध व सुटकेचा हेलिकॉप्टर खर्च, दोन्ही शब्द पॉलिसीत सापडले पाहिजेत. लाँगइयरब्येनचे रुग्णालय छोटे आहे. गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोला हलवतात, म्हणजे साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. हृदयविकार, दमा किंवा गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी जाऊ नये असे मी म्हणणार नाही. पण आधीचा आजार पॉलिसीत जाहीर करा आणि औषधे दुप्पट, हातसामानात न्या.

गावाच्या वेशीवर पांढऱ्या अस्वलाचा त्रिकोणी फलक आहे. त्याखाली नॉर्वेजियनमध्ये लिहिले आहे, 'संपूर्ण स्वालबार्डला लागू'. हे शोभेचे नाही. वस्तीबाहेर अस्वलाला पळवून लावण्याचे साधन जवळ असणे कायद्याने आवश्यक आहे, आणि वाटाडे रायफल घेऊनच निघतात. त्या फलकापाशी फोटो काढून 'जरा पुढे' चालत जाण्याचा मोह आवरा. १ जानेवारी २०२५ पासून अस्वलापासून ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. संरक्षित क्षेत्रांत प्रवासी जहाजावर २०० पेक्षा जास्त प्रवासी चालत नाहीत आणि ठरलेल्या ४३ ठिकाणीच उतरता येते. तिथे ड्रोनलाही बंदी आहे, आणि गाव विमानतळापासून पाच किलोमीटरच्या आत असल्याने ते गावातही उडवता येत नाही. ड्रोन घरीच ठेवा. अस्वल जवळून दाखवण्याची हमी देणारा माणूस एकतर नियम मोडणार आहे किंवा तुम्हाला फसवणार आहे.

कपड्यांवर मुंबईकर नको तिथे खर्च करतो. दोन जाडजूड जॅकेटे घेतो आणि आत सुती बनियन घालतो. सुती कापड घाम धरून ठेवते, थांबलात की तोच घाम गार पडतो, आणि थंडी आतून भरते. अंगाला लागून मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस, वरून वारा अडवणारे कवच, एवढे पुरते. स्नोमोबाइलसाठी सूट, बूट, हेल्मेट, मोठे हातमोजे सफरवाले देतात, ते इथून विकत घेऊ नका. बुटात दोन मोजे कोंबू नका. बोटे आवळली की रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात. एकच जाड लोकरी मोजा आणि एक नंबर मोठा बूट घ्या. निघण्याआधी घरीच पातळ हातमोजे घालून झिप लावणे, कॅमेऱ्याचे बटण दाबणे, फोन उघडणे जमते का ते पाहा. उणे वीसमध्ये हातमोजा काढावा लागला तर मिनिटाभरात बोटे बधिर होतात. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. परतल्यावर कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि मग खोलीत न्या. पिशवी तास-दोन तास उघडू नका, नाहीतर काचेवर आणि आत पाणी धरते. हॉटेलात, संग्रहालयात दारातच बूट काढतात. कोळशाच्या खाणींच्या काळापासूनची ही रीत आपल्याला परकी वाटणार नाही. घरातल्या सपाता सोबत ठेवा.

खाऊबद्दल थोडेसे. युरोपबाहेरून नॉर्वेत मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, पनीर घरी राहू द्या. तेलातला चिवडा, मेतकूट, लसणाची चटणी खुशाल न्या.

स्वालबार्डवरच, न्यू-ऑलेसुंडला, आपले 'हिमाद्री' संशोधन केंद्र जुलै २००८ पासून आहे. गोव्यातली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था ते चालवते. काही जहाजे तिथे थांबतात. वस्तीच्या २० किलोमीटर परिसरात संवेदनशील उपकरणांमुळे वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते, म्हणून फोन उतरण्याआधीच फ्लाइट मोडवर टाका. केंद्र बाहेरून पाहता येते. आत शास्त्रज्ञांचे काम चालू असते, ते पाहुण्यांसाठी उघडे नसते.

आपल्या पुरवणीला एक विनंती आहे. आर्क्टिकचे छायाचित्र छापताना त्याखाली गावाचे नाव आणि महिना छापावा. आणि अशा सहलींच्या जाहिराती घेताना व्हिसा किती प्रवेशांचा लागेल, ही एक ओळ त्यात असावी असा आग्रह धरावा.

आपला,
एक वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई