ओवीचा पियानो: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, भुसावळच्या बंगल्यातला जुना पियानो ओवीसाठी घ्यावा का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत विचाराल तर घेऊ नका. पियानोत दोनशेहून जास्त तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. तो ताण धरणाऱ्या लोखंडी खुंट्या लाकडी फळीत घट्ट बसवलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर गेला की ते लाकूड सुकून आकसतं आणि खुंट्या सैल होतात. पावसाळ्यात उलटं होतं, लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. मधल्या आणि वरच्या सुरांना प्रत्येकी तीन तारा असतात, त्यातली एक जरी उतरली तरी सूर थरथरतो. खुंट्याच ढिल्या असतील तर मुंबईहून ट्यूनर आणला तरी सूर टिकायचा नाही.

डिजिटल पियानो घ्या. पट्ट्या ८८ हव्यात आणि दाबताना हाताला वजन लागायला हवं. दुकानदार ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड पुढे करेल, तो नको, त्यावर हळू-जोराचा ताबा बोटांत येत नाही. वीज गेली की वाजणार नाही, तेव्हा इन्व्हर्टरच्या प्लगलाच लावा.

बाबा, तुमचा पेटीचा कान इथे खरा उपयोगी पडेल. पेटीचा सूर भात्यावर हवा तेवढा लांबतो. पियानोत हातोडी तारेवर आदळली की सूर विझायला लागतो, म्हणून बोट कसं पडलं यावरच सगळं अवलंबून असतं. डिजिटलमध्ये तारा नसल्या तरी हिशेब तोच. ओवी पांढरी एकमधून, म्हणजे 'सी' पट्टीला सा धरून, सरगम वाजवेल तेव्हा उजव्या हाताचं सा, रे, ग अंगठा, तर्जनी, मधलं बोट असं जाईल आणि 'म'साठी अंगठा मधल्या बोटाखालून सरकेल. तिथेच लहान मुलं अडतात. कोपर वर उचललं जातं, मनगट वळतं आणि 'म' ठणकन वाजतो. तुम्ही डोळे मिटून ऐका. 'म' कुठला ते ओळखू आलं, तर अंगठा चुकतोय. मग वेग निम्मा करायचा, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक सूर, फक्त उजवा हात. सलग तीनदा साफ आलं की ६४. डाव्या हाताचं वेगळं आहे, तिथे वर जाताना अंगठा 'प'वर येतो आणि मधलं बोट त्याच्यावरून 'ध'वर जातं. दोन्ही हात एकत्र करायची घाई करू नका.

आठ वर्षांच्या पोरीला सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस मिनिटं पुष्कळ झाली. आई, तिचं मनगट किंवा बोट दुखलं तर त्या दिवशी पियानो बंद, तेल चोळून पुन्हा बसवायचं नाही. रॉबर्ट शुमानच्या उजव्या हाताचं बोट ऐन विशीत निकामी झालं आणि त्याचं पियानोवादक होणं राहून गेलं. पुढे रचनाकार म्हणून तो मोठा झाला, पण हात परत आला नाही.

यावर पोट भरेल का, हे दादा विचारतोय. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या आठ ग्रेड पूर्ण व्हायला साधारण दहा वर्षं धरा, त्यापुढे डिप्लोमा. ग्रेड म्हणजे पाया, व्यवसाय नव्हे. एकट्याच्या मैफलींवर जगणारे वादक जगातही मोजके. पोलंडमध्ये वॉर्सातली शोपॅन पियानो स्पर्धा दर पाच वर्षांनी होते आणि तिला वयाची अट असते, म्हणजे अशी दारं तरुणपणीच उघडतात. ऑर्केस्ट्रातही पियानोवादकाला व्हायोलिनवाल्यांसारखी कायमची खुर्ची क्वचितच असते, बहुतेकदा कार्यक्रमापुरतं बोलावतात. आपल्या देशात बहुतेकांचं घर शिकवण्यावर चालतं, जोडीला गायक-व्हायोलिनवादकांची साथ आणि रेकॉर्डिंग. शिकवणं हे कमी दर्जाचं काम आहे असं मला मुळीच वाटत नाही. आज खानदेशात पियानोचे जाणते शिक्षक शोधावे लागतात, ओवीसारख्या मुली उद्या ती जागा घेऊ शकतील. तोवर शाळा मात्र सुटता कामा नये.

ओवी खुर्चीवर बसली की बैठकीपासून तिच्या कोपरापर्यंतची उंची टेपने मोजून कळवा. कोपर पट्ट्यांच्या पातळीत यायला हवं आणि पाय लोंबकळता कामा नयेत. त्या मापाचं स्टूल आणि पायाखालचा पाट इथून पाठवते.

तुमची,
सुमन