दुसऱ्या फेरीच्या प्रवासखर्चाबद्दल : लेखा विभागातील मॅडमना आभाराचे पत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझ्या पदव्युत्तर प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी मार्गदर्शकांचे, विभागप्रमुखांचे, निधी देणाऱ्या संस्थेचे आणि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आभार मानले. लेखा विभागाचा उल्लेख मात्र राहून गेला. ही चूक माझी आहे आणि ती मला सतत बोचत आली आहे. आपण आता सेवानिवृत्त झाला आहात. हे पत्र खासगी न ठेवता सर्वांसमोर लिहितो आहे, कारण पशुवैद्यकीय महाविद्यालयातील संशोधनाचा पैसा गोठ्यापर्यंत कसा पोहोचतो आणि तो वेळेत पोहोचावा म्हणून कोण धडपडते, हे आमच्या कोकणातल्या गुरे पाळणाऱ्या माणसांना कळावे असे मला मनापासून वाटते.

माझा विषय गुरांमधील लेप्टोस्पायरोसिसचा होता. या रोगाचे जिवाणू बाधित जनावराच्या मूत्रपिंडात राहतात, मूत्रावाटे बाहेर पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात तग धरतात. गाय गाभडते, दूध आटते, आणि त्याच गोठ्याचे पाणी उतरत गेलेल्या शेतात अनवाणी लावणी करणाऱ्या माणसाच्या पायाला जखम असेल तर रोग त्यालाही गाठतो. म्हणून रक्ताचे नमुने घ्यायचे ते जून ते सप्टेंबरच्या पावसात, कुडाळ आणि सावंतवाडी तालुक्यांतल्या वाड्यावाड्यांवर फिरून. निधीचे वर्ष मात्र 31 मार्चला संपते. आमच्या प्रकल्पाचा पहिला हप्ता जमा झाला तेव्हा फेब्रुवारी सरत आला होता. आलेली रक्कम परत जाऊ नये म्हणून मार्चमध्येच एखादे उपकरण घेऊन टाकावे, असा सल्ला मला अनेकांनी दिला होता. आपण तो मानू दिला नाहीत. उपकरणांचा खर्च अनावर्ती म्हणजे एकदाच होणारा, रसायने आणि प्रवास यांचा आवर्ती म्हणजे पुन्हा पुन्हा होणारा, आणि एका शीर्षातले (खर्चाच्या सदरातले) पैसे दुसऱ्या शीर्षात मनाला येईल तसे वळवता येत नाहीत, हे आपण मला समोर बसवून समजावलेत. पुढे अखर्चित रक्कम पुढील वर्षी वापरण्याची परवानगी मागणारे पत्र आणि 12-अ नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला) आपण मार्चच्या गर्दीत सर्वांत आधी तयार केलेत. त्या एका कामामुळे आमचा पावसाळा वाचला.

यापेक्षाही मोठे ऋण दुसऱ्या फेरीचे आहे. एकाच जनावराचे रक्त साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासले आणि प्रतिपिंडांचे, म्हणजे रोगाशी लढण्यासाठी शरीराने रक्तात तयार केलेल्या घटकांचे, प्रमाण वाढलेले दिसले, तरच संसर्ग ताजा आहे असे खात्रीने म्हणता येते. एकाच नमुन्यावरून तो जुना की नवा हे ठरवणे अवघड असते. प्रवासासाठी आगाऊ रक्कम मागणाऱ्या माझ्या नस्तीत (फाइलमध्ये) त्याच गावांची नावे दोनदा आली होती आणि हिशेबाच्या नजरेला ती पुनरुक्ती वाटणे स्वाभाविक होते. आक्षेप नोंदवून नस्ती परत पाठवणे आपल्याला सोपे होते. आपण मला बोलावून घेतलेत, अर्धा तास प्रश्न विचारलेत आणि मग स्वतःच्या हाताने टिपणी लिहिलीत, की पहिली आणि दुसरी फेरी मिळून एकच तपासणी पूर्ण होते, सबब दोन्ही फेऱ्यांचा खर्च एकत्र मंजूर करावा. इतक्या थोड्या शब्दांत तो विषय मला माझ्या प्रबंधातही मांडता आला नाही.

प्रयोगशाळेतील अडचणही आपण अशीच समजून घेतलीत. या रोगाच्या मुख्य चाचणीत रुग्णाच्या रक्तद्रवात जिवंत जिवाणू मिसळून ते एकमेकांना चिकटतात का हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते, आणि त्यासाठी निरनिराळ्या प्रकारांचे जिवाणू प्रयोगशाळेत सतत ताज्या माध्यमात (जिवाणू वाढवण्याच्या पोषक द्रवात) वाढवत ठेवावे लागतात. पुरवठादाराचे आधीचे देयक अडले असते तर माध्यम आले नसते, जिवाणू मेले असते आणि कोकणातून बर्फाच्या पेटीत आणलेले नमुने हाती असूनही तपासता आले नसते. ते देयक निघेपर्यंत आपण संध्याकाळी उशिरापर्यंत थांबलात, हे मला शिपाईकाकांकडून नंतर कळले.

त्या गोठ्यांत कोकण कपिला गाई होत्या. देशी जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत या जातीची नोंद 2018 साली झाली. आमच्या घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. बुटकी, काटक, डोंगरउतारावर चरून राहणारी ही गाय फार दूध देत नाही, म्हणून तिच्या आजारांवर खर्च कशाला करायचा असा प्रश्न मी बैठकांत ऐकला आहे. आपण तो कधी विचारला नाहीत. दुसऱ्या फेरीला एका आजीने मला दारातच पाहून म्हटले, "परत इलंस, बरा केलंस." पहिल्या फेरीत रक्त घेऊन गेलेली माणसे पुन्हा तोंड दाखवत नाहीत, असा तिचा अनुभव होता. तिच्या गाभडलेल्या गाईचा अहवाल आम्ही तिच्या हाती दिला, ती गाय वेगळी बांधायला सांगितली, गोठ्याचे पाणी लावणीच्या शेतात उतरू न देण्याची सोय केली आणि ताप आल्यास अंगावर न काढता डॉक्टरांना गोठ्याची हकीकत सांगायला घरातल्या सर्वांना बजावले. आजीच्या त्या शब्दांवर खरा हक्क आपला आहे, म्हणून ते इथे पोहोचवतो आहे.

आपल्या टिपणीची छायाप्रत मी जपून ठेवली आहे. आता मी स्वतः प्रस्ताव लिहितो तेव्हा दुसऱ्या फेरीचा प्रवास स्वतंत्र ओळीत, कारणासह मांडतो, आणि विद्यार्थ्यांना ती प्रत वाचायला देतो. प्रबंधाची एक प्रत टपालाने आपल्या पत्त्यावर पाठवली आहे. ऋणनिर्देशाच्या पानावर आपला उल्लेख मी शाईने लिहून जोडला आहे. ग्रंथालयातील प्रतीतही तसेच करण्याची परवानगी मागितली आहे.

आपला कृतज्ञ,
एक माजी पदव्युत्तर विद्यार्थी
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग